‘जर्क’ बसतो म्हणजे नेमकं काय होतं?

भाचीला गाडी शिकवत होते. पहिल्याच दिवशी तिने क्लच एकदम सोडला, गाडी पुढे उडी मारून बंद पडली आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, “हळू सोड गं, केवढा जर्क बसला!” तिला हसू फुटलं. म्हणाली, “मावशी, जर्क ही शिवी आहे. मी बघते त्या अमेरिकन मालिकांमध्ये तरी शिवीच आहे.” मग किल्ली फिरवता फिरवता स्वतःच म्हणाली, “पण आमच्या मेकॅनिक्सच्या पुस्तकातही जर्क आहे. तिथे त्याला सूत्र आहे.”

शिवीही तीच, सूत्रही तेच आणि आपल्याकडे गाडीचा झटकाही तोच. त्या रात्री शब्दकोश उघडले आणि उठवेना. एका चार अक्षरी इंग्रजी शब्दाच्या घरात चाबूक निघाला, जोडे शिवणाऱ्याचा दोरा निघाला, डॉक्टरांची हातोडी, वाफेचं इंजिन, सोड्याचा नळ, भारोत्तोलनाचा बार आणि थेट पेरू देशातलं वाळवलेलं मांस निघालं. यांतले काही एकमेकांचे सख्खे आहेत, तर काही नुसते आडनावबंधू. कोण कोणाचं आहे ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी आपल्या घरातली श्रीमंती पाहू. इंग्रजीत जिथे बहुतेक वेळा ‘जर्क’ एकट्याने काम भागवतो, तिथे मराठीत झटका, हिसका, हिसडा, गचका, आचका, धक्का, दचकणं अशी रांग उभी आहे, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. हिसका कोणीतरी हाताने देतो. हिसडा बसला की हातातली वस्तू सुटते. गचका खालून येतो, खड्ड्याचा किंवा बैलगाडीचा. धक्का बाहेरून लागतो. आचके मरणाऱ्याचे. दचकणं आधी मनाचं आणि मग अंगाचं. झटका विजेचा, हृदयविकाराचा, थंडीचा आणि लहरीचाही. एवढं सगळं असताना गाडीच्या बाबतीत आपण ‘जर्क’ का घेतला? माझा कयास असा, की गचका रस्ता देतो आणि धक्का मागची गाडी देते. गाडी स्वतःच्याच इंजिनामुळे झटकते तेव्हा बैलगाडीच्या काळातला एकही शब्द तिथे नीट बसत नव्हता. ती जागा रिकामी होती, तिथे ‘जर्क’ येऊन बसला.

चाबूक आणि टाका

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्याला लिखाणात दिसू लागतो. तेव्हा त्याचा अर्थ झटका असा नव्हता, चाबकाचा फटका असा होता. ‘जर्क’ करणं म्हणजे फटके ओढणं. त्याचं आणखी जुनं रूप ‘यर्क’. ते पंधराव्या शतकापासून सापडतं आणि जोडे शिवणाऱ्यांच्या बोलीत त्याचा अर्थ होता टाका आवळणं.

चाबूक आणि टाका यांचा काय संबंध? चामडं शिवणाऱ्या कारागिराचे हात आठवून पाहा. तो आरीने भोक पाडतो, दोऱ्याची दोन टोकं दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून काढतो आणि दोन्ही हात एकाच वेळी बाहेर झटकतो. हात थोडेसेच जातात आणि गच्च थांबतात. तेवढ्याने टाका बसतो. हळूहळू ओढून तो तसा बसत नाही. चाबकाचंही तसंच. मनगट पुढे जातं आणि एकदम थांबतं. हात थांबला तरी लाट दोरीतून पुढे पळत राहते. दोरी निमुळती होत जाते तशी ती लाट वेग घेते, आणि शेवटच्या टोकाशी तो वेग आवाजाच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या, पलीकडे जातो. चाबूक कडाडतो तो त्यामुळे. लढाऊ विमान ध्वनीचा वेग ओलांडताना जो गडगडाट होतो, त्याचंच ते छोटं भावंड. दोन्हीकडे हाताची क्रिया एकच आहे: सुटायचं आणि लगेच अडायचं. शब्द त्या क्रियेचा आहे.

शेक्सपिअरच्या नाटकांत ‘यर्क’ दोनदा छान भेटतो. ‘ऑथेल्लो’मध्ये इयागो म्हणतो, की त्या माणसाच्या बरगड्यांखाली एक हाणावी असं वाटलं होतं. ‘हेन्री पाचवा’ नाटकात रणांगणावरचे जखमी घोडे पिसाळून आपल्याच मेलेल्या स्वारांवर लाथा झाडतात. एकीकडे भोसकणं, दुसरीकडे लाथ झाडणं, आणि क्रियापद एकच. त्याच सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘जर्क’ चाबकापासून सुटून कोणत्याही अचानक ओढीला लागू झालेला होता.

मग हा शब्द आला कुठून? कोशकारांना त्याच्या पलीकडचं पक्कं मूळ सापडलेलं नाही. त्या क्रियेच्या आवाजावरूनच तो घडला असावा, असं मानतात. मराठी माणसाला हे पटायला जड जाऊ नये. आपल्याकडे झटकन, फटकन, खटकन, चटकन असे शब्द आवाजातूनच उभे राहिले आहेत. आणि वर दिलेली रांग पुन्हा वाचून पाहा. झटका, हिसका, गचका, आचका, धक्का, सगळ्यांच्या शेवटी ‘क’. इंग्रजी ‘जर्क’च्या शेवटीही ‘क’. यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, या शब्दांची मुळं वेगवेगळी आहेत. पण ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळ्याला टेकून श्वास अडवतो आणि सोडतो. अडण्याचा शब्द अडणाऱ्या अक्षरावर संपला की कानाला तो खरा वाटतो, एवढं मी नक्की म्हणेन.

क्रिकेटमध्येही हा शब्द नियमात होता. १८६४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं, की चेंडू फेकला किंवा ‘जर्क’ केला तर अंपायरने नो-बॉल द्यावा. आज त्या जागी कोपर किती अंशांनी सरळ झालं याचं मोजमाप आहे आणि १५ अंशांची मर्यादा आहे. पण मैदानावर कोणी ‘अरे, फेकतोय’ म्हणून ओरडतो तेव्हा त्याच्या डोळ्यांनी तोच जुना हिसका पकडलेला असतो.

ओढ आणि हिसका

आता भाचीचं सूत्र. इथे थोडा वेळ थांबू, कारण एका जुन्या बोलीतल्या शब्दाने विज्ञानात इतकं नेमकं काम केल्याची उदाहरणं थोडी आहेत.

वेग आपल्याला जाणवत नाही. मुंबईत खुर्चीवर शांत बसलेला माणूस पृथ्वीच्या फिरण्याबरोबर ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चाललेला असतो आणि त्याच्या चहाच्या कपात तरंगही उठत नाही. जाणवतो तो वेगातला बदल, ज्याला आपण शाळेत त्वरण म्हणून शिकलो. गाडी वेग घेते तेव्हा पाठ सीटला दाबली जाते, तेच ते. पण हा दाब एकसारखा राहिला तर शरीर त्यालाही सरावतं. उभा माणूस थोडा कलतो, पाय रोवतो, आणि त्याचं बरं चालतं.

त्रास होतो तो हा दाबच अचानक बदलतो तेव्हा. त्वरण किती झपाट्याने बदलतंय, या राशीला भौतिकशास्त्रात जर्क म्हणतात. विस्थापनाच्या बदलाचा दर वेग, वेगाच्या बदलाचा दर त्वरण आणि त्वरणाच्या बदलाचा दर जर्क. पायरीवर पायरी.

एसटीत उभं राहून प्रवास केलेल्या कोणालाही याचा अनुभव आहे. बस ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने येते आहे. चालकाने ब्रेक दाबला आणि पाच सेकंदांत ती थांबली. म्हणजे दर सेकंदाला तिचा वेग २ मीटर प्रति सेकंदाने कमी होत गेला. या पाच सेकंदांत आपण पुढे फेकले जाऊ नये म्हणून अंग मागे रेटून उभे असतो. आता बस थांबते. ज्या क्षणी ती थांबते त्या क्षणी पुढे ढकलणारं ते २ चं त्वरण नाहीसं होतं. पण आपले स्नायू अजून मागेच रेटत असतात. म्हणून बस थांबल्यावर माणसं मागे पडतात, पुढे नाही. हा बदल ०.१ सेकंदात झाला तर जर्क २० होतो. चालकाने शेवटच्या क्षणाला ब्रेकवरचा पाय अलगद सैल केला आणि तोच बदल १ सेकंदात झाला, तर जर्क फक्त २. एकक असतं मीटर भागिले सेकंदाचा घन, पण ते विसरलात तरी चालेल. बस दोन्ही वेळा साधारण तेवढ्याच अंतरात थांबली. फरक पडला तो मांडीवर डबा घेऊन बसलेल्या आजीला. मुरलेला चालक हे सूत्र न शिकता रोज पायाने सोडवतो, आणि माझ्या मते हे कौशल्य वेगाने गाडी हाकण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

मराठीत हा फरक आधीपासून आहे, म्हणूनच मला हा विषय सोडवत नाही. ओढ आणि हिसका. दोन्हींत जोर तेवढाच असू शकतो, पण ओढीत तो हळूहळू चढतो आणि हिसक्यात एका क्षणात. घरी करून पाहण्यासारखा एक जुना प्रयोग आहे. बऱ्यापैकी जड दगड एका दोऱ्याने टांगा. दगडाच्या खालीही तसाच दोरा बांधून लोंबता ठेवा, आणि जमिनीवर जाड गोधडी अंथरून पाय लांब ठेवा. आता खालचा दोरा सावकाश ओढत न्या. वरचा दोरा तुटेल, कारण त्याच्यावर दगडाचं वजनही आहे आणि तुमची ओढही. पुन्हा सगळं बांधा आणि खालच्या दोऱ्याला एकदम हिसका द्या. या वेळी खालचाच दोरा तुटतो आणि दगड वर शांत लटकत राहतो. कारण वरच्या दोऱ्यावर ताण पोहोचायला दगड निदान केसभर तरी खाली सरकायला हवा, आणि जड दगडाला हलायला वेळ लागतो. हिसका तेवढा वेळच देत नाही. त्या आधीच खालचा दोरा गेलेला असतो. चुंबळीवरची घागर सांभाळत चालणारी बाई हेच करत असते. ती घागरीला वेळ देते.

रेल्वेचे रूळ टाकणारे इंजिनिअर हाच हिशेब करतात. सरळ रुळाला एकदम गोल वळण जोडलं, तर ज्या क्षणी चाक वळणावर चढेल त्या क्षणी बाजूचं त्वरण शून्यावरून पूर्ण होईल. गाडी ताशी ७२ किलोमीटर आणि वळणाची त्रिज्या ४०० मीटर असेल तर हे त्वरण १ येतं. आकडा काही भयंकर नाही, पण तो अचानक आला तर उभा माणूस बाजूच्याच्या अंगावर जातो. म्हणून सरळ आणि गोल यांच्यामध्ये हळूहळू वाकत जाणारा एक तुकडा घालतात. त्याला ट्रान्झिशन कर्व्ह म्हणतात. तो नीट जमलेला असेल तर तो होता हे प्रवाशाला कळतही नाही. बोरघाट चढण्यासाठी कर्जतला मागून जोडइंजिन लागतं तेव्हा जो ठोका बसतो, तो मात्र सगळ्यांना कळतो. ३७ मीटरला १ मीटर चढणाऱ्या त्या वाटेवर मागचा जोर लागतोच, आणि दोन जड वस्तू एकमेकांना टेकताना थोडा जर्क होतोच.

माणसाच्या हाताबद्दल याहून सुंदर गोष्ट सापडली. १९८५ मध्ये तामार फ्लॅश आणि नेव्हिल होगन या संशोधकांनी दाखवलं, की आपण टेबलावरची वस्तू घ्यायला हात पुढे करतो तेव्हा हाताचा मार्ग आणि वेग जवळपास असा असतो, की एकूण जर्क शक्य तितका कमी व्हावा. हात हळू निघतो, मध्यावर सर्वांत वेगात असतो आणि पुन्हा हळू होत थांबतो. आलेख काढला तर घंटेसारखा दिसतो. काठोकाठ भरलेला कप उचलून पाहा, म्हणजे हाताला हे किती चांगलं येतं ते दिसेल. तान्ह्या बाळाचा हात खुळखुळ्याकडे झटक्या-झटक्यांनी जातो, आणि पुढच्या महिन्यांत तोच हात हा गुळगुळीतपणा कमावतो.

पायऱ्या जर्कपाशी संपत नाहीत. जर्कच्या बदलाच्या दराला ‘स्नॅप’ म्हणतात, आणि त्याच्या पुढच्या दोन पायऱ्यांना ‘क्रॅकल’ आणि ‘पॉप’. ही तीन नावं अमेरिकेतल्या तांदळाच्या एका नाश्त्याच्या जाहिरातीतल्या तीन बुटक्यांची आहेत. त्या कुरमुऱ्यांवर दूध ओतलं की जे आवाज होतात, त्यांवरून बुटक्यांची नावं पडली, आणि शास्त्रज्ञांनी ती प्रेमाने उचलली. २०११ मध्ये डॅनियल मेलिंगर आणि विजय कुमार यांनी चार पंख्यांच्या ड्रोनचा मार्ग आखण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात ‘स्नॅप’ कमीत कमी ठेवला जातो. नाव खेळकर असलं तरी काम खरं आहे.

मेंदूला न विचारता

डॉक्टर पाय लोंबते सोडायला सांगतात, गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीने टिचकी मारतात आणि पाय आपोआप पुढे उडतो. याला ‘नी-जर्क’ म्हणतात. १८७५ मध्ये विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी एकमेकांवर अवलंबून न राहता त्याचं वर्णन केलं, आणि दोघांचे लेख एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आले. मज्जारज्जूवर सिफिलिसचा परिणाम झालेल्या रुग्णांमध्ये हा झटका येतच नाही, हे वेस्टफाल यांच्या लक्षात आलं होतं. कातडीला चीर न देता, साध्या टिचकीने, पाठीच्या कण्यातल्या बिघाडाची खबर मिळू लागली.

आत घडतं ते असं. टिचकीमुळे वाटीखालचा स्नायुबंध किंचित दबतो आणि मांडीचा पुढचा मोठा स्नायू एक-दोन केसांइतका ताणला जातो. त्या स्नायूत ताण मोजणारे बारीक तंतू असतात. ते कमरेच्या भागातल्या मज्जारज्जूला संदेश पाठवतात. तिथे संदेश आणणारी चेतापेशी थेट हुकूम देणाऱ्या चेतापेशीला भेटते, मध्ये दलाल कोणी नाही. हुकूम परत येतो, स्नायू आकसतो आणि पाय उडतो. टिचकीनंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास स्नायू कामाला लागलेला असतो. मेंदूला बातमी कळते, पण काम झाल्यावर. आपण चालताना, उभे असताना गुडघा किंचित वाकला की हीच यंत्रणा तो सावरते, म्हणून आपण प्रत्येक पावलाला कोसळत नाही.

काहींचा झटका इतका सौम्य असतो, की दिसतच नाही. तेव्हा डॉक्टर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतात आणि त्याच वेळी टिचकी मारतात. लक्ष आणि जोर हाताकडे गेला की पाय बिनतक्रार उडतो. इंग्रजीत विचार न करता दिलेल्या प्रतिक्रियेलाही विसाव्या शतकात ‘नी-जर्क’ म्हणू लागले. आपल्याकडे त्यासाठी ‘तडकाफडकी’ आहे, पण तडकाफडकीत राग असतो आणि नी-जर्कमध्ये नुसती सवय. हा फरक भाषांतर करताना फार जण विसरतात.

झोप लागता लागता खड्ड्यात पडल्यासारखं होऊन अंग दचकतं, त्यालाही वैद्यकात जर्कच म्हणतात. निरोगी माणसांना तो येतो. थकवा, ताण आणि जास्त चहा-कॉफी यांनी त्याचं प्रमाण वाढतं.

सांगली ते बर्मिंगहॅम

भारोत्तोलनात दोन प्रकार असतात, ‘स्नॅच’ आणि ‘क्लीन अँड जर्क’. दुसऱ्यात आधी बार जमिनीवरून एका झेपेत खांद्यांवर घ्यायचा. मध्ये अंगाला कुठे टेकवायचा नाही, सगळं स्वच्छ, म्हणून तो ‘क्लीन’. मग खांद्यावरून डोक्यावर न्यायचा, तो ‘जर्क’. पाहणाऱ्याला वाटतं, हातांनी ढकलला. तसं नसतं. खेळाडू गुडघे थोडे वाकवतो आणि पायांनी वर एकच उसळी देतो. बार खांद्यांवरून क्षणभर सुटतो. त्या क्षणात तो एक पाय पुढे आणि एक मागे टाकून स्वतः बारच्या खाली शिरतो आणि हात ताठ करतो. वजन वर नेण्यात जेवढं कसब आहे, तेवढंच आपण खाली जाण्यात.

पूर्वी ऑलिंपिकमध्ये ‘प्रेस’ हा तिसरा प्रकार होता. त्यात खांद्यावरून बार नुसत्या हातांच्या जोराने सावकाश ढकलायचा. पण लोक कंबर मागे वाकवून, गुडघ्यांचा चोरटा हिसका देऊन तो उचलू लागले. कुठे ढकलणं संपलं आणि हिसका सुरू झाला हे पंचांना ठरवता येईना. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर ‘प्रेस’ काढून टाकला. म्हणजे ओढ आणि हिसका यांच्यातली रेघ तिथेही लागली.

याच ‘जर्क’च्या प्रकारात २००० साली सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने १३० किलो उचलले आणि ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. टोकियोत मीराबाई चानूने ११५ किलो उचलून रौप्य आणलं. आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात भारताला त्या स्पर्धेतलं पहिलं पदक मिळवून दिलं. स्नॅचमध्ये ११३, क्लीन अँड जर्कमध्ये १३५, एकूण २४८. दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलोंना त्याचा उजवा कोपर दुखावला, आणि तरीही तो तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला. सुवर्णपदक मलेशियाच्या खेळाडूला २४९ किलोंवर गेलं. एका किलोचा फरक. ते दृश्य आठवलं की अजून घशाशी येतं.

नळ, बादली आणि शिवी

भाचीच्या शिवीकडे यायला अमेरिकेत जावं लागतं. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या इंजिनांना दर थोड्या अंतरावर पाणी लागे. मोठ्या स्टेशनांवर उंच टाक्या असत. आडवाटेच्या शाखामार्गांवर मात्र इंजिनावरची माणसं ओढ्यात बादली सोडून पाणी हिसक्याने वर खेचत. त्यावरून अशा गाड्यांना आणि मग अशा आडगावांना ‘जर्कवॉटर’ म्हणू लागले. त्याच काळात शहरांतल्या औषधांच्या दुकानांत सोड्याची पेयं मिळत, आणि नळाची मूठ झटक्याने ओढून ग्लास भरणाऱ्या पोराला ‘सोडा जर्क’ म्हणत. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात या दुकानांची चांगलीच भरभराट झाली.

माणसाला हिणवणारा ‘जर्क’ १९३० च्या दशकातल्या अमेरिकन बोलीत नोंदला गेला. सुरुवातीला त्याचा अर्थ गावंढळ, बावळट असा होता. दुसऱ्यांची पर्वा नसलेला, उर्मट माणूस हा आजचा अर्थ नंतर पक्का झाला. तो ‘जर्कवॉटर’ गावावरून आला असं काही जण म्हणतात, तर काही जण त्याच क्रियापदाच्या एका अश्लील वापराकडे बोट दाखवतात. शिवी म्हणून तो फार जड नाही, पण ऑफिसात वापरण्यासारखाही नाही. ‘गाडीने जर्क दिला’ म्हणायला मात्र काहीच हरकत नाही.

आडनावबंधू

आता त्या वाळवलेल्या मांसाकडे. हा ‘जर्क’ वरच्यांपैकी कोणाचाही नातेवाईक नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात दिवसा कोरडं ऊन असतं आणि रात्री पाणी गोठतं. तिथल्या लोकांनी याचा उपयोग करून घेतला. लामाच्या मांसाचे पातळ काप करायचे, मीठ लावायचं आणि उघड्यावर ठेवायचे. रात्री गोठायचं, दिवसा सुकायचं. काही दिवसांत मांस चामड्यासारखं कडक आणि हलकं होतं, आणि महिनोन्‌महिने टिकतं. त्यांच्या केचुआ भाषेत याला ‘चार्की’ म्हणतात. इंका राज्याच्या रस्त्यांकडेला धान्याची आणि शिध्याची कोठारं असत, त्यांत हे मांस साठवलेलं असे. १५३२ पासून स्पॅनिश लोक तिथे आले आणि त्यांनी हा शब्द ‘चार्की’ म्हणूनच आपल्या भाषेत घेतला. इंग्रजांच्या कानावर तो कॅरिबियन बेटांकडून आणि अमेरिकेतून गेला. त्यांच्या जिभेवर ‘जर्क’ आधीच बसलेला होता. ओळखीच्या सुरात अनोळखी शब्द मिसळला आणि ‘जर्की’ झाला. अमेरिकेत आज पाकिटात मिळतात त्या सुक्या मांसाच्या पट्ट्या याच. त्यांना झटक्याशी काही देणंघेणं नाही.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. कोकणात पावसाळ्याआधी बोंबील, जवळा, सोडे वाळतात. महाराष्ट्रातल्या दलित वस्त्यांमध्ये मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवतात, त्यांना चान्या म्हणतात. मिळालं तेव्हा खूप आणि एरवी काहीच नाही, अशा जगण्यातून ही युक्ती निघाली. पेरूतली चार्की आणि आपल्या चान्या एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, तरी ऊन, मीठ आणि भूक दोन्हीकडे सारखीच होती. अमेरिकन पाकिटावरचं नाव सगळ्या जगाला कळतं आणि चान्या हा शब्द शेजारच्या गल्लीतही माहीत नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जमैकाचं ‘जर्क चिकन’ही याच घरातलं मानतात. १६५५ मध्ये इंग्रजांनी ते बेट स्पॅनिशांकडून घेतलं. गुलामीतून निसटलेले आफ्रिकी लोक ब्लू माउंटन्सच्या जंगलात राहू लागले. त्यांना मरून म्हणतात. रानडुकराचं मांस मसाल्यात मुरवून, पिमेंटोच्या लाकडावर मंद आचेवर धुरी देत भाजण्याची पद्धत त्यांच्याकडून आली, आणि त्यात बेटावरच्या मूळ ताइनो लोकांचाही वाटा आहे. पिमेंटो म्हणजे आपल्याकडे ऑलस्पाइस म्हणून मिळते त्या मसाल्याचं झाड. त्याच्यासोबत जहाल स्कॉच बॉनेट मिरची. अनेक वर्षं लढूनही हे लोक हाती लागेनात, तेव्हा १७३९ मध्ये इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. त्यांचे ते डोंगर २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

हे सगळं भाचीला सांगून झाल्यावर तिने विचारलं, “मग जर्किन? आजी म्हणते ना, थंडी आहे, जर्किन घाल.” मी पुन्हा कोश उघडला. इंग्रजीत ‘जर्किन’ म्हणजे बिनबाह्यांचं, बरेचदा चामड्याचं जाकीट. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो शब्द लिखाणात आहे, म्हणजे चाबकाच्या ‘जर्क’च्या नोंदीहूनही आधी. त्याचा ना चाबकाशी संबंध, ना चार्कीशी. व्युत्पत्तीच्या जागी कोशात एवढंच लिहिलं आहे: मूळ अज्ञात.